थायलंड-म्यानमार सीमेवर एक वर्ष सेवेला जायचंय, मंडळीकडे (चर्चकडे) आणि मित्रांकडे सपोर्ट कसा मागू?

अबोली_नगर (प्रश्न)

जय ख्रिस्त, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार. मी मूळची नगरची, आता पुण्यात असते, एमएसडब्ल्यू केलंय आणि कौन्सेलिंगचं काम करते. थायलंडमध्ये माए सॉट नावाचं गाव आहे, मोएई नदीच्या अलीकडे, आणि पलीकडे म्यानमारमधलं म्यावाडी. त्या पलीकडच्या काठावर केके पार्कसारखी मोठमोठी कंपाउंड आहेत जिथे आपली मुलं डेटा एंट्री किंवा कस्टमर सपोर्टची नोकरी म्हणून जातात आणि पासपोर्ट काढून घेऊन त्यांना ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावतात, टार्गेट झालं नाही की मार, करंट, उपाशी ठेवणं, आणि सोडायचं म्हटलं की घरच्यांकडे लाखो रुपये मागतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं होतं की एकट्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात १ लाखाच्या आसपास लोक असे अडकलेले असू शकतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या एअरफोर्सच्या विमानांनी माए सॉटवरून दोन दिवसांत ५४९ भारतीय परत आणले, ते पेपरात आलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केके पार्कवर छापा पडला तेव्हा पुन्हा शेकडो भारतीय नदी ओलांडून आले.

तिथे काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेने मला एका वर्षासाठी बोलावलंय. सुटून आलेल्यांशी हिंदी आणि मराठीत बोलायचं, मुलाखतीच्या वेळी दुभाष्याचं काम करायचं, आणि घरी जाईपर्यंत सोबत करायची. थाई, बर्मी, चिनी बोलणारे त्यांच्याकडे आहेत पण हिंदी येणारं आणि ट्रॉमाचं काम केलेलं माणूस नाहीये. पगार नाही, राहण्या-जेवणाचा खर्च प्रत्येकाने आपापला उभा करायचा, मिशनच्या बऱ्याच संस्थांमध्ये अशीच पद्धत असते.

मी खूप प्रार्थना केली आणि मला हे देवाचं पाचारण वाटतंय, त्याबद्दल मनात शंका नाही. अडचण मागायची आहे. आमच्या मंडळीत मध्यमवर्गीय लोक, कुणाचं होम लोन कुणाच्या मुलांच्या फिया, आणि पंचकमिटीतले एक काका सरळ म्हणाले की धडधाकट पोरगी नोकरी सोडून फुकट काम करायला जाते आणि वर आमच्याकडे पैसे मागते. वाईट वाटलं पण त्यांना काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. पत्र कसं लिहू? दर महिन्याचं मागू की एकदाच? जे मित्र ख्रिस्ती नाहीत त्यांना मागावं का? आणि पैसे माझ्या खात्यात घेतले तर काही भानगड होते का? कुणी असं केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

मुक्ता_पुणे

अबोली, तू मनापासून लिहिलंयस म्हणून मीही मनातलं लिहिते. मी ख्रिस्ती नाही आणि मला दोन गोष्टी खटकतात.

पहिली, इथलं सोडून तिकडे का? आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते, आजारी पडलं तरी खाड्याचे पैसे कापतात. २०२२ मध्ये इगतपुरीकडच्या कातकरी वस्तीतली लहान मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिलेली सापडली, आणि ती राबत होती तुझ्याच नगर जिल्ह्यात. वेठबिगारी बंद करायचा कायदा १९७६ चा आहे. पुण्यातून एसटीने जाता येईल अशा ठिकाणी हे चाललंय गं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सुटून आलेला माणूस मोडलेला असतो, जो जेवण देईल, जो घरी फोन लावून देईल त्याचं सगळं ऐकतो. अशा वेळी त्याच्यासमोर प्रार्थना, बायबल हे येणार का? येणार असेल तर मी एक रुपया देणार नाही. नसेल तर देईन, आणि ते तू पत्रात स्पष्ट लिहायला पाहिजे.

अबोली_नगर

मुक्ताताई, राग नाही आला, विचारलंत ते बरं झालं. संस्थेचा लेखी नियम आहे की मदत घेणाऱ्याकडे धर्माचा विषय आपण काढायचा नाही, आणि कुणी स्वतःहून प्रार्थना मागितली तरी मुलाखतीच्या आणि जबाबाच्या काळात दुभाष्याने ती करायची नाही. मलाही ते पटतं. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यातला एकच परत येऊन पाया पडला, बाकी नऊ जण गेले, पण त्यांचा आजार काही त्याने परत दिला नाही. मी ख्रिस्ती आहे म्हणून जातेय, कुणाला ख्रिस्ती करायला नाही जात. हे पत्रात याच शब्दांत लिहीन.

इगतपुरीचं मला माहीत होतं आणि त्याचा त्रासही होतो. पण इथे मराठी बोलणारे माझ्यासारखे कितीतरी कार्यकर्ते आहेत, तिथे सध्या हिंदीसाठी कुणी नाही, आणि जी मुलं तिकडे अडकतात ती आपल्याच गावांमधून जातात. मला हे अगदी वेगळं काम वाटत नाही.

सांगलीचा_दादा

मी सहसा लिहीत नाही फक्त वाचतो, पण हे वाचून राहवलं नाही. माझा धाकटा भाऊ असाच गेला होता. टेलिग्रामवर जाहिरात, बँकॉकमध्ये ऑफिस, पगार इथल्या तिप्पट, तिकीट कंपनीचं, इंटरव्ह्यू पण व्हिडिओ कॉलवर झाला म्हणून आम्हालाही खरं वाटलं. बँकॉकला उतरल्यावर गाडीत बसवलं, बरेच तास गाडी चालली, दोनदा गाडी बदलली, आणि रात्री होडीतून नदी ओलांडली तेव्हा त्याला कळलं की आपण देश बदलला. पुढचं सगळं लिहीत नाही. रोज पंधरा-सोळा तास बाईचा फोटो लावून परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांशी गोड बोलायचं आणि क्रिप्टोत पैसे टाकायला लावायचं. एका कंपनीने दुसरीला विकला त्याला, आपल्याकडे बैल विकतात तसा.

२०२५ च्या फेब्रुवारीत थायलंडने पलीकडची वीज, इंटरनेट, डिझेल बंद केलं त्यानंतर हजारो लोक सोडले त्यात तो सुटला. पण सुटला म्हणजे घरी आला असं नाही, आधी पलीकडेच तिथल्या सशस्त्र गटाच्या ताब्यात कितीतरी दिवस एका शेडमध्ये पडून होते, नीट खायला नाही, अंगाला खाज, आपलं सरकार कधी नेईल याची वाट बघत.

आता तुझ्या कामाबद्दल जे सांगायचं ते सांगतो. त्याची चौकशी झाली तेव्हा त्याला विचारलं की तू स्वतःच्या मर्जीने आलास का. तो म्हणाला हो. कारण अर्ज त्यानेच केला होता ना, खोटं कसं बोलणार. इंग्रजी त्याचं जेमतेम. एवढ्यावर त्याचं नाव पीडितांच्या यादीत आलंच नसतं. एक हिंदी बोलणारी बाई होती तिथे, तिने त्याला प्रश्न पुन्हा समजावला, की कोणत्या कामासाठी आलास, ते काम दिलं का, जायचं म्हटल्यावर जाऊ दिलं का, पासपोर्ट कुणाकडे होता. मग तो बोलला आणि तासभर बोलत राहिला. घरी आल्यावर पोलिसांची चौकशी झाली तेव्हाही त्या जबाबाचा कागद कामाला आला, नाहीतर पोरगं गुन्हेगार म्हणूनच उभं राहिलं असतं.

ती बाई कोण, कुठल्या धर्माची, आम्हाला माहीत नाही. तिचा खर्च कुणी दिला तेही माहीत नाही, पण कुणीतरी दिलाच असणार ना. पंचकमिटीतल्या काकांना हे सांग. मी महिना हजार रुपये देतो, वर्षभर. आम्ही ख्रिस्ती नाही, त्याने काही फरक पडत नाही.

वसईची_ग्लोरिया

दादांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. मी वसईची, कॅथलिक, नर्स आहे आणि कंबोडियात नॉमपेन्हला सुटका झालेल्या मुलींच्या निवाऱ्यात सेवा करून आलेय. आधी कायद्याच्या बाजूने दादांचा मुद्दा पुढे नेते: मानवी तस्करीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा जो पालेर्मो प्रोटोकॉल नावाचा करार आहे त्यात स्पष्टच आहे की फसवून किंवा धाक दाखवून नेलं असेल तर माणसाने आधी दिलेली संमती धरायची नाही. हे जाण्याआधी पाठ कर, रोज लागेल.

आता पत्राबद्दल. कृपा करून पत्रात सुटलेल्या कुणाचा फोटो टाकू नकोस, पाठमोरा पण नाही, नाव बदलून गोष्ट पण नाही. पैसे अशाने जास्त येतात हे खरं आहे, मी बघितलंय, लोक रडतात आणि देतात. पण आमच्या निवाऱ्यातल्या एका मुलीने दुसऱ्याच कुणाच्या तरी फेसबुकवर स्वतःचा फोटो बघितला आणि नंतर कितीतरी दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिची गोष्ट ही तिची एकटीची मालमत्ता आहे, आपल्या खर्चासाठी ती वापरायची नाही. तू स्वतःबद्दल लिही, कामाबद्दल लिही, पेपरात आलेले आकडे लिही, पुरे.

व्हिसाचं नीट बघ. आपल्याला थायलंडमध्ये पर्यटक म्हणून सहज जाता येतं म्हणून पुष्कळ जण तसेच जातात आणि सेवा करतात, पण तिथे बिनपगारी काम सुद्धा काम धरतात, व्हॉलंटियरचा नॉन-इमिग्रंट व्हिसा आणि वर्क परमिट दोन्ही लागतं. संस्था ते काढून देणार का हे लेखी विचार. नाही म्हणाले तर जाऊ नकोस, माणसांच्या तस्करीविरुद्ध काम करायचं आणि स्वतःच बेकायदा राहायचं हे बरोबर नाही, आणि पकडलं तर ज्यांच्यासाठी गेलीस त्यांचंच नुकसान.

एक वर्षाचं बोलावलंय ही मला चांगली खूण वाटते. दोन आठवड्यांसाठी येणारे गट मला अजिबात पटत नाहीत, माणूस जरा विश्वास ठेवायला लागतो आणि हे विमानात बसतात. आणि बजेटमध्ये परत आल्यानंतरचे दोन-तीन महिने धर, स्वतःच्या कौन्सेलरची फी पण धर. रोज असलं ऐकून माणूस आतून थकतो, आल्या आल्या नोकरी शोधायची ताकद नसते. बरेच जण हे मागायला लाजतात.

आमच्याकडे ८ फेब्रुवारीला संत जोसेफिन बखिता यांच्या सणाच्या दिवशी मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थना असते, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ पासून सुरू केली. बखिता स्वतः सुदानमधल्या, लहानपणी पळवून नेऊन अनेकदा विकलेल्या. आणि सिस्टर लोकांचं तलिथा कुम नावाचं जाळं आहे २००९ पासूनचं, बऱ्याच देशांत, आशियातही. तुझी संस्था प्रोटेस्टंट असली तरी जाऊन भेट, सिस्टरना जी माणसं माहीत असतात ती कुठल्या यादीत सापडत नाहीत.

हिशोबनीस_काका

मी सीए आहे, धर्माबिर्माचं बोलत नाही, फक्त पैशाचं बोलतो कारण त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

बाळ, लोकांनी तुझ्या खात्यात पैसे टाकले तर कायद्याने ती तुला मिळालेली भेट. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांच्या वर गेलं तर वरचेच नाही, सगळेच पैसे तुझ्या उत्पन्नात धरतात. आईवडील, भाऊबहीण, काका, मामा, मावशी, आत्या हे नातेवाईकांत येतात, त्यांचं कितीही चालतं. चुलत, मावस, मामेभाऊ येत नाहीत, इथे बहुतेक लोक चुकतात. तू वर्षभर नोकरीत नसशील तर एकूण उत्पन्न कमी असल्याने प्रत्यक्ष टॅक्स शून्य येऊ शकतो, पण रिटर्न भरून दाखवायचं, लपवायचं नाही.

मग लोक म्हणतात चर्चच्या ट्रस्टमधून देऊ, करसवलतीची पावती पण मिळेल. थांबा. ट्रस्टने भारताबाहेरच्या कामावर केलेला खर्च करमाफीसाठी धरत नाहीत, त्याला दिल्लीहून खास मंजुरी लागते. एका चांगल्या मुलीला मदत करायला गेले आणि ट्रस्टच्या असेसमेंटला लफडं झालं असं नको. देणाऱ्यांनाही आधीच सांग की पावती मिळणार नाही, टॅक्समध्ये सूट मिळणार नाही.

अमेरिकेत वगैरे कुणी असेल तर आधी पासपोर्ट विचार. भारतीय पासपोर्टवाला स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेला माणूस असेल तर परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा मध्ये येतो, मग सल्ला घेतल्याशिवाय एक डॉलर घेऊ नकोस. आणि ट्रस्टच्या खात्यात तर अजिबात नको.

एक वेगळं बँक खाते उघड फक्त यासाठी. दर तीन महिन्यांनी जमाखर्च सगळ्या देणाऱ्यांना पाठव, एक पानी. पैसे उरले तर काय करणार हेही आत्ताच लिहून टाक. ज्या काकांनी तुला टोमणा मारला ना, त्यांना पहिला जमाखर्च तपासायला दे. कमिटीतली माणसं हिशोब दिसला की निवळतात, माझा अनुभव आहे.

सुनंदामावशी

अबोली बेटा, सलाम. मी केडगावच्या जवळचीच, आमच्या आजीला पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्येच वाढवलं होतं त्यामुळे हा विषय माझ्या घरचा आहे.

मागायला लाज वाटते म्हणतेस. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला, आणि मग गावोगावी फिरून भाषणं केली, इथल्या विधवा मुलींसाठी मागितलं. बॉस्टनमध्ये १८८७ च्या डिसेंबरात त्यांच्या नावाने असोसिएशन निघाली आणि त्या लोकांनी दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं. त्यावर १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. एक मराठी बाई, विधवा, सोबत लहान मुलगी, परक्या देशात उभी राहून मागते तेव्हा ती भीक नसते गं. पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, ज्या मुलींना दलाल उचलून नेत होते, त्या काळी त्याला कुणी ट्रॅफिकिंग म्हणत नव्हतं एवढंच.

आणि मुक्ताने जे विचारलं ते रमाबाईंनाही विचारलं होतं. १८९३ मध्ये सदनात मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून गदारोळ झाला, रानडे, भांडारकरांसारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. तेव्हा हा प्रश्न जुना आहे आणि खरा आहे, त्याचं उत्तर तू आधीच देतेयस हे मला फार आवडलं.

आता कामाचं. पत्र पाठवून गप्प बसू नकोस, लोक पत्राला देत नाहीत माणसाला देतात. पाळकसाहेबांना विचारून उपासनेनंतर दहा मिनिटं माग. महिला मंडळात जा, तरुण संघात जा, आणि तिथे नुसते पैसे मागू नकोस, सांगलीच्या दादांनी जाहिरातीचं लिहिलंय ना ते आमच्या पोरांना समजावून सांग, परदेशातली नोकरी म्हटलं की एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर कसं बघायचं ते दाखव. आमच्या मंडळीतली दोन पोरं आत्ता दुबई-बँकॉकच्या नादात आहेत. तू जायच्या आधीच तुझं काम इथे सुरू होईल, मग इथलं सोडून तिकडे का असं कुणी म्हणणार नाही.

महिन्याला थोडं थोडं माग. एकदम मोठी रक्कम देताना माणूस दहादा विचार करतो, आणि दर महिन्याला देणारा दर महिन्याला आठवणीने प्रार्थनाही करतो. माझ्या पेन्शनमधून ५०० धर.

अबोली_नगर

सगळ्यांचे खूप खूप आभार, दादा तुमचं वाचून मी रडले आणि आईला पण वाचून दाखवलं. काल रात्री बसून पत्राचा मुख्य भाग लिहिला, बघा आणि चुका काढा:

"मी माए सॉट इथे एका वर्षासाठी हिंदी-मराठी दुभाषी आणि समुपदेशक म्हणून जात आहे. मी ख्रिस्ती आहे आणि त्या श्रद्धेतूनच जाते, पण तिथे मी कुणाला धर्म सांगणार नाही, तसा संस्थेचा लेखी नियम आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्यावर त्या भागातल्या बऱ्याच संस्थांचे पैसे बंद झाले, आणि आमच्या संस्थेत तर प्रत्येकाने स्वतःचा खर्च आणायचीच पद्धत आहे. राहणं, जेवण, प्रवास, विमा धरून महिन्याला ३२ हजार, म्हणजे वर्षाचे ३ लाख ८४ हजार. तिकीट, व्हिसा आणि वर्क परमिट ७० हजार. परत आल्यावर सावरायला ६० हजार. एकूण ५ लाख १४ हजार, त्यातले दीड लाख माझ्या बचतीतले. महिना १००० देणारे ३० जण मिळाले तर जवळजवळ भागतं. पावती आणि करसवलत मिळणार नाही. दर तीन महिन्यांनी हिशोब पाठवीन. सुटून आलेल्या कुणाचाही फोटो किंवा गोष्ट पाठवणार नाही, त्याऐवजी किती मुलाखतींना मदत केली आणि किती जण घरी पोचले एवढं कळवीन."

व्हिसाबद्दल संस्थेला मेल केलाय. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत कुणाकडून पैसे घेणार नाही.

हिशोबनीस_काका

पत्र चांगलं आहे. दोन गोष्टी राहिल्या. उरलेल्या पैशांचं वाक्य नाही. आणि मध्येच परत यावं लागलं, आजारपण, व्हिसा नाकारला, काहीही, तर दर महिन्याचे पैसे त्या महिन्यापासून थांबवायचे हे लिही. विम्यात तिथल्या हॉस्पिटलचा खर्च आहे का ते पॉलिसी वाचून बघ, नुसता ट्रॅव्हल इन्शुरन्स वर्षभर चालत नाही.

मुक्ता_पुणे

धर्माचं वाक्य आहे तसंच ठेव, बदलू नकोस. व्हिसाचं उत्तर आलं की इथे कळव, महिना हजार माझे. आणि सुनंदामावशींनी सांगितलेलं ते जाहिराती ओळखायचं सत्र आमच्या कॉलेजमध्येही घेशील का? शेवटच्या वर्षाची मुलं आहेत, आत्ताच नोकऱ्या शोधतायत, पुढच्या महिन्यात हॉल मिळवते मी.